आबांच्या निधनाचा अंक

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता वजनमाप कार्यालयातल्या तपासनिसाने एका दुकानदाराच्या तराजूवर शिक्का उलटा मारला.

एकोणीस वर्षांच्या नोकरीत असं पहिल्यांदाच घडलं होतं. हा माणूस मखमली पेटीतली प्रमाण वजनं चिमट्याने उचलायचा. बोटाचा घाम लागून गुंजभर फरक पडेल म्हणून. त्याच्या हातून तपासून गेलेला तराजू पुन्हा तपासायची कुणाची छाती नव्हती. शेजारच्या टेबलावरच्या हेडक्लार्कने तो उलटा शिक्का पाहिला, चष्मा कपाळावर चढवला आणि हळूच विचारलं, "काय झालं?"

शनिवारपासून दोन शब्द तपासनिसाच्या घशात अडकून बसले होते. विचारणारं कुणी भेटल्याबरोबर ते आपसूक बाहेर पडले.

"आबा गेले."

आता हे आबा कोण, ते सांगायला हवं. ‘झंजावात’ नावाचं एक चित्रकथांचं मासिक होतं. त्याचा नायक दिवसा घड्याळं दुरुस्त करायचा आणि कुठे संकट आलं की निळा अंगरखा चढवून वाऱ्यावर स्वार व्हायचा. तपासनिसाने पहिला अंक वाचला तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. आता एकावन्नाचा होता आणि एकही अंक चुकला नव्हता. मधल्या काळात नायकाच्याही मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. नव्या दमाचे, उंच उड्या मारणारे नायक त्याला ‘आबा’ म्हणू लागले, मग वाचकही म्हणू लागले. आणि शनिवारी आलेल्या पाचशे चाराव्या अंकात आबांनी एका शाळेचं कोसळतं छत खांद्यावर तोलून धरलं, सगळी मुलं बाहेर पडेपर्यंत धरलं, आणि मग छत त्यांच्या अंगावर आलं. मलपृष्ठावर नव्या नायकांची जाहिरात होती, पण गोष्टीचं शेवटचं पान नुसतं काळं होतं. तपासनिसाने ते पान खिडकीपाशी नेऊन उजेडात धरून पाहिलं होतं. काही दिसलं नाही.

कार्यालयात यातलं कुणालाच काही ठाऊक नव्हतं. अंकांना खाकी कव्हर असायचं आणि वर सुवाच्य अक्षरात ‘परिपत्रके’ असं लिहिलेलं असायचं.

"अरेरे," हेडक्लार्क म्हणाला आणि उठून आला. "कधी?"

"शनिवारी कळलं."

"कुणी कळवलं?"

"छापून आलं होतं."

"म्हणजे मोठं प्रस्थ होतं." हेडक्लार्कने खुर्ची ओढली. "काय होत होतं त्यांना?"

"छत अंगावर आलं."

हेडक्लार्कने डोळे मिटून घेतले. "वय काय होतं?"

"नक्की सांगता येणार नाही. कुणी पंचेचाळीस धरतं, कुणी सत्तर. त्यांच्या वयाचा पहिल्यापासून घोळच आहे."

"जुन्या लोकांचं असंच असतं. जन्मतारखा कुठे लिहून ठेवल्या होत्या त्यांनी."

तपासनिसाचं एकही उत्तर खोटं नव्हतं, हे इथे त्याच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. तो पुढचं वाक्य जुळवतच होता. ‘तसं नाही, चित्रातले आबा,’ एवढंच म्हणायचं होतं. पण एकावन्न वर्षांच्या माणसाने, समोर शिक्का आणि शाईचं पॅड ठेवून, ‘चित्रातले’ हा शब्द कसा उच्चारायचा याचा तो विचार करत राहिला, आणि तेवढ्यात हेडक्लार्कचा हात त्याच्या खांद्यावर पडला. कार्यालयातले सगळे मृत्यू या हेडक्लार्कच्या हातून जायचे. कुणाला कसं उठवायचं, काय बोलायचं नाही, रजेचा अर्ज कुणी लिहायचा, सगळं त्याला पाठ होतं. एकदा त्याचा हात खांद्यावर पडला की माणूस दुःखी होऊनच राहायचा, दुसरी सोय नसे.

"घरी जा," हेडक्लार्क म्हणाला. "अर्ज मी लिहितो."

पंधरा मिनिटांत तपासनीस रस्त्यावर होता.

घरी बायको धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं, एका उशीच्या अभ्र्याची घडी मोडून पुन्हा घातली, आणि म्हणाली, "मग सांगायचं ना त्यांना."

"वेळच मिळाला नाही."

"एक वाक्य लागतं."

"तेच सुचलं नाही."

"बेचाळीस वर्षं वाचताय. त्या छापणाऱ्यांना दर महिन्याला चार-चार पानी पत्रं लिहिता. ह्या चौकटीत मिशी वाकडी आली, त्या पानावर सावली उलटी पडली. तिथे बरं सुचतं सगळं."

बायकोने त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं की ह्या माणसाच्या चेहऱ्यावरचं दुःख काही खोटं नाही. तिचा आवाज जरा खाली आला. "उद्या सांगून टाका. कळवण्यात गफलत झाली म्हणावं."

पण उद्यापर्यंत थांबायला लोक तयार नव्हते. संध्याकाळी सहाला दाराची घंटा वाजली. बाहेर साहेब, हेडक्लार्क आणि शिपाई अशा क्रमाने उभे होते. तिघांचेही चेहरे पडलेले होते. साहेब स्वतः आले होते. एरवी हा माणूस स्वतःच्या केबिनमधून जिन्यापर्यंतही येत नसे.

ते कोचावर दाटीवाटीने बसले. मग हेडक्लार्क बायकोकडे वळून म्हणाला, "वहिनी, तुमचे सासरे म्हणायचे ना?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा फरशीकडे पाहत होता. "सासरे असे नाही," ती जपून म्हणाली. "पण ह्यांच्याच बाजूचे. मी लग्न होऊन आले तेव्हाच घरात होते."

"म्हणजे तुम्हीच केलंत त्यांचं सगळं."

"सगळं म्हणजे काय," बायको म्हणाली, आणि पंचवीस वर्षांचं काहीतरी तिच्या आवाजात उतरलं. "जागा अडवून होते, पण मी कधी बोलले नाही. घर बदललं तेव्हा आधी त्यांची सोय लावली, मग भांडी. दमट हवेचा त्यांना त्रास व्हायचा, म्हणून आतल्या खोलीत कोरड्या जागी ठेवले. ह्यांचा सगळा रविवार त्यांच्यातच जायचा. मी एकटीच बाजारात जायचे."

साहेबांनी घसा साफ केला. "आजकाल असं कोण करतं."

"नाहीच करत," बायको म्हणाली, आणि ते तिने अगदी मनापासून म्हटलं.

ते गेल्यावर ती कितीतरी वेळ दारातच उभी राहिली. मग म्हणाली, "आता मात्र तुम्ही काही सांगू नका. मी पण अडकले."

दोन दिवसांची रजा संपवून तपासनीस बुधवारी कामावर गेला. सूचनाफलकावर हेडक्लार्कच्या अक्षरात काळ्या चौकटीत कागद लागला होता: शुक्रवारी दुपारी साडेचार वाजता सभागृहात शोकसभा. तो टेबलाशी जाऊन बसला, मखमली पेटी उघडली, मिटली.

जेवणाच्या सुट्टीत आवक-जावकच्या बाई त्याच्या टेबलापाशी आल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कागदाची नोंद त्यांच्याकडे असायची. अकरा महिन्यांपूर्वी त्यांचा नवरा गेला होता. लिफ्टच्या देखभालीचं काम करायचा; एका मंगळवारी दुपारी घरी आला, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत गेला. त्या वेळी सगळ्यांबरोबर तपासनीसही त्यांच्या घरी गेला होता. ‘वाईट झालं’ म्हणाला होता, आणि पुढे काय बोलावं ते न सुचून, मोठ्या कार्यालयाकडून आलेल्या एका पत्राचा आवक क्रमांक विचारून आला होता. ती आठवण त्याला अधूनमधून आंघोळ करताना यायची आणि तो एकटाच मान हलवायचा. तेव्हापासून बाई कामापुरतंच बोलायच्या. डबाही भिंतीकडे तोंड करून खायच्या.

"बसू का?" त्यांनी विचारलं.

"बसा ना."

त्यांनी डबा उघडला, पण खाल्लं नाही. "लोक येतात तेव्हा कधी जातील असं होतं," त्या म्हणाल्या. "आणि यायचे थांबले की कोण आलं नाही ते मोजत बसतो आपण. तुम्हाला होईल तसं. त्याचं वाईट वाटून घेऊ नका."

तपासनिसाने मान डोलावली.

"आणि त्यांच्या वस्तू लगेच हलवू नका. लोक सांगतील, देऊन टाका, मोकळं वाटेल. काही मोकळं वाटत नाही. ह्यांचा चष्मा अजून फ्रीजवर आहे. त्या दिवशी आल्यावर त्यांनीच ठेवला होता. मी धूळ पुसते आणि पुन्हा तिथेच ठेवते. दांड्या पण उघड्याच ठेवते, होत्या तशा." त्या थांबल्या. "हे मी कुणाला सांगितलं नव्हतं."

हीच सांगून टाकायची वेळ होती. तपासनिसाने तोंड उघडलंही. पण बाईंनी पहिला घास घेतला होता आणि आज त्यांचं तोंड भिंतीकडे नव्हतं. त्याने तोंड मिटलं.

संध्याकाळी बायकोला सांगितलं तेव्हा ती भाजी चिरायची थांबली. "आता खरं सांगितलंत तर ती बाई पुन्हा गप्प होणार. नाही सांगितलंत तर तुम्ही खोटारडे. बघा, दोहोंतलं कोणतं झेपतंय."

झेपत कोणतंच नव्हतं. त्यामुळे शुक्रवार आला.

सभागृहात वीस-बावीस माणसं जमली. तसबीर नव्हती, कारण हेडक्लार्कने मागितल्यावर तपासनीस ‘त्यांचा एकही फोटो नाही’ असं म्हणाला होता आणि तेही खरंच होतं. साहेब चार वाक्यं बोलले. मग हेडक्लार्कने तपासनिसाकडे पाहून मान हलवली. तपासनीस उठला. त्याने काहीच तयारी केली नव्हती. खिशात हात घातला तर एक घडी केलेला कागद हाताला लागला. मासिकाच्या संपादकांना लिहिलेलं, अजून न टाकलेलं पत्र होतं ते; गेल्या सहा अंकांवरचं त्याचं मत. दुसरं काही सुचेना म्हणून त्याने तेच उघडलं आणि सावरत सावरत वाचायला सुरुवात केली.

"आबांना मी नवव्या वर्षापासून ओळखतो. सुरुवातीची वीस वर्षं ज्यांनी त्यांना सांभाळलं, त्यांनी जीव ओतून सांभाळलं. त्यांच्या चेहऱ्यावरची प्रत्येक रेघ त्या लोकांना माहीत होती. पुढे माणसं बदलली. गेल्या सहा महिन्यांत तर दर महिन्याला नवे हात."

सभागृहात कुणीतरी उसासा टाकला.

"जानेवारीत आबांचा उजवा पाय मोडला. फेब्रुवारीत त्यांना धावायला लावलं. पायाचं काय झालं, कुणी विचारलं नाही. कुणाच्या लक्षातच नव्हतं. मार्चमध्ये त्यांनी स्वतःच्या बायकोला भलत्याच नावाने हाक मारली. तिनेही ओ दिली. आजूबाजूच्या एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. एप्रिलमध्ये त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता, इतकं सगळं घाईघाईत उरकलेलं होतं. आणि मे महिना पूर्ण ते फक्त पाठमोरे दिसले. कारण चेहऱ्यासाठी वेळ द्यायला कुणी तयार नव्हतं."

साहेब खिडकीबाहेर पाहू लागले होते. त्यांचे वडील शहराच्या दुसऱ्या टोकाला एका वृद्धाश्रमात राहत होते, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नसे.

"आणि जूनमध्ये संपवलं," तपासनीस म्हणाला. त्याचा आवाज आता कापत नव्हता. तो चिडला होता. "जायचं वय झालं होतं, गेलेच असते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्याने बेचाळीस वर्षं दुसऱ्यांची छतं तोलून धरली, त्याला जाताना निदान दोन पानं..." इथे तो अडखळला, "निदान दोन घटका तरी द्यायला हव्या होत्या. एका झटक्यात काळोख करून टाकला. लगेच नव्या लोकांची जाहिरात."

तो बसला. मागच्या रांगेत आवक-जावकच्या बाई रडत होत्या. नवरा गेल्यावरही त्यांना कुणी रडताना पाहिलं नव्हतं. साहेब उठून बाहेर गेले आणि व्हरांड्यात फोन कानाला लावून उभे राहिले; "जेवलात का," एवढंच आत ऐकू आलं. त्या संध्याकाळी कार्यालयातल्या किमान सहा जणांनी आपापल्या म्हाताऱ्यांना फोन केले, असं शिपायाने नंतर सांगितलं.

हेडक्लार्क मात्र रागाने लाल झाला होता. "हा सरळसरळ निष्काळजीपणा आहे," तो म्हणाला. "दर महिन्याला नवीन माणूस? तक्रार केलीत का?"

"लिहिलंय त्यांना," तपासनीस म्हणाला. "दर महिन्याला लिहितो."

"उत्तर?"

"ते उत्तर देत नाहीत."

"पुढचं पत्र कार्यालयाच्या शिक्क्याने जाऊ दे. मी मसुदा करतो."

ते पत्र हेडक्लार्कने केलं. चार मुद्दे, खाली सगळ्यांच्या सह्या. पत्ता घालायचं काम तेवढं तपासनिसाने मागून घेतलं आणि ते पाकीट घरी आणून कपाटात, अंकांच्या मागे ठेवलं. अंकांनी भरलेल्या दोन कप्प्यांमध्ये आता एक पाकीट जास्त झालं. बायकोने पाहिलं आणि कपाटाचं दार लावलं.

पुढचे तीन आठवडे बाई रोज दुपारी त्याच्या टेबलाशी डबा खायला येत. त्या नवऱ्याबद्दल सांगायच्या. तो शिट्टी वाजवायचा, पण एकच ओळ. लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांशी बाहेरून गप्पा मारत काम करायचा. घरात आला की चिखलाच्या बुटांसकट थेट आत, कितीदा सांगितलं तरी. तपासनीस ऐकत राही. मधूनच त्या विचारायच्या, "आबांचं काय हो, त्यांना काय आवडायचं?" आणि तो सांगायचा: जुनी घड्याळं, एकांत, आणि कुणी आभार मानायच्या आत निघून जाणं. बाई म्हणायच्या, "चांगला माणूस होता." मग तो डब्याला झाकण लावायचा. रोज सकाळी तो ठरवायचा, आज सांगू. रोज संध्याकाळी तसाच घरी यायचा.

जुलैच्या पहिल्या शनिवारी तो नेहमीच्या दुकानात गेला. दुकान लहान होतं. एका बाजूला वह्या, पाकिटं, शाईच्या बाटल्या, आणि दुसऱ्या बाजूला मासिकं. पुस्तकवाल्याने न बोलता पाचशे पाचावा अंक पुढे केला. तपासनिसाने उभ्याउभ्याच पान उलटलं, आणि तिसऱ्या पानावर थिजला.

आबा जिवंत होते. छताखाली म्हणे ते नव्हतेच; त्यांच्यासारखा दिसणारा कुणी यांत्रिक पुतळा होता.

बेचाळीस वर्षांत तपासनिसाने दुकानात कधी आवाज चढवला नव्हता. आज चढला. "ह्याला काय अर्थ आहे? आबा गेले होते ते चांगले गेले होते. माणसं रडली त्यांच्यासाठी. आता हे म्हणतात पुतळा होता. मेलेल्या माणसाला असं परत आणायचं म्हणजे गेल्याचं दुःख केलं ते सगळं वाया?"

"खप उतरला होता," पुस्तकवाला म्हणाला.

"आणि हे बघा, शेवटचं पान. महिनाभर मेलेला नवरा दारात उभा आहे. बायको दार उघडते आणि म्हणते काय, तर ‘बूट बाहेर काढा, आत्ताच फरशी पुसलीय.’ इतकी निर्बुद्ध चौकट मी आजवर पाहिली नाही. ना रडणं, ना मिठी. लिहिणाऱ्याने कधी कुणाला जाताना पाहिलंय की नाही?"

"कोण परत आलंय?" मागून कुणीतरी विचारलं.

तपासनीस वळला. आवक-जावकच्या बाई हातात पाकिटांचा गठ्ठा घेऊन उभ्या होत्या.

त्याने घाईघाईने अंक मिटला. पुस्तकवाला मात्र मदतीला धावून जाणारा माणूस होता. "आबा हो, ताई," तो म्हणाला आणि मुखपृष्ठ त्यांच्यासमोर धरलं. पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा, निळ्या घट्ट अंगरख्यात, मुठी वळून ढगांतून येत होता. "हेच आबा. हे साहेब फार जुने वाचक आहेत त्यांचे."

बाईंनी मुखपृष्ठ पाहिलं. मग तपासनिसाकडे पाहिलं. मग पाकिटं मोजली, पावती घेतली, आणि निघून गेल्या.

रविवार कसा गेला ते तपासनिसालाही सांगता आलं नसतं. सोमवारी तो मान खाली घालून कार्यालयात शिरला. आता सगळे हसणार, साहेब बोलावणार, एकोणीस वर्षांची अब्रू शाईच्या पॅडवर सांडणार, अशी त्याची खात्री होती. पण काहीच झालं नाही. शिपाई नेहमीसारखा हजर. हेडक्लार्कने जाता जाता खांद्यावर हात ठेवला. बाई आपल्या टेबलावर नोंदी करत होत्या. दुपारी त्या आल्या नाहीत. डबा भिंतीकडे तोंड करून उघडला.

तपासनीस थोडा वेळ आपल्या डब्याकडे पाहत बसला. मग उठला आणि पहिल्यांदाच त्यांच्या टेबलाशी गेला.

"बाई, माझं चुकलं."

त्यांनी पोळीचा तुकडा मोडला.

"पहिल्या दिवशी तोंडून निघून गेलं, आणि मग मागे घ्यायला जमलं नाही. पण मला वाईट वाटलं होतं ते खरं होतं. तेवढं एक खरं होतं."

"मी तुम्हाला चष्म्याचं सांगितलं," बाई भिंतीकडे पाहत म्हणाल्या.

"हो."

"आईला नाही सांगितलं. बहिणीला नाही सांगितलं. एका चित्रातल्या म्हाताऱ्यापायी तुम्हाला सांगितलं."

"हो."

मग त्या वळल्या. चेहऱ्यावर राग होता की दुसरं काही, ते कळत नव्हतं. "तुमचं बरं आहे," त्या म्हणाल्या. "तुमचे परत आले."

तपासनीस तसाच उभा राहिला. निघून जावं तर तेही बरं दिसेना.

"दाखवा," बाई म्हणाल्या.

"काय?"

"तो अंक. आणलाय ना, परिपत्रकांत घालून? एवढी परिपत्रकं माझ्या आवकेत कधी आलीच नाहीत."

त्याने आणला होता. बाईंनी खाकी कव्हर उघडलं आणि आवक नोंदवहीवर ठेवून, एकेक कागद तपासावा तशा वाचू लागल्या. तपासनीस समोरच्या स्टुलावर बसला. त्या एवढ्या सावकाश वाचत होत्या की त्याला राहवेना.

"इथे बघा, सावली उलट्या बाजूला—"

"वाचू द्या."

तेवढ्यात हेडक्लार्क आला. बाईंनी नोंदवहीचं पान अंकावर ओढलं.

"आबांच्या प्रकरणाचं काही आलं का?" हेडक्लार्कने विचारलं. "महिना झाला. आता स्मरणपत्र पाठवावं म्हणतो."

"आलं," बाई म्हणाल्या. "शनिवारीच आलं. चूक त्यांनी सुधारली आहे. प्रकरण निकाली."

"सुधारली? आता काय सुधारणार?"

"जेवढी सुधारता येते तेवढी."

हेडक्लार्कने गंभीरपणे मान हलवली. त्याला आवक-जावकच्या शब्दापुढे बोलायची सवय नव्हती. तो गेला. बाईंनी पान बाजूला केलं आणि पुढे वाचायला लागल्या. शेवटच्या पानावर आल्यावर मात्र थांबल्या. दार उघडलेलं होतं, दारात आबा उभे होते, बुटांना चिखल होता, आणि हातात पोछा घेतलेली म्हातारी त्यांना म्हणत होती, ‘बूट बाहेर काढा, आत्ताच फरशी पुसलीय.’

त्या चौकटीवर बाईंनी बोट ठेवलं आणि तसंच ठेवून बसल्या. तपासनिसाला वाटलं आता त्या रडतील, आणि काय करायचं ते त्याला या वेळीही ठाऊक नव्हतं. पण त्या रडल्या नाहीत.

"ही निर्बुद्ध चौकट म्हणालात तुम्ही."

"मला तसं... म्हणजे एखादी बाई नवरा परत आल्यावर असं कसं—"

"असंच," बाई म्हणाल्या. "मी अगदी हेच म्हटलं असतं. शब्द न् शब्द. बूट बाहेर काढा." त्यांनी बोट उचललं. "आणि मग दाराला कडी घातली असती."

तपासनिसाने ती चौकट पुन्हा पाहिली. म्हातारीचा पोछा धरलेला हात त्याने शनिवारी नीट पाहिलाच नव्हता. मूठ इतकी घट्ट काढली होती की पोछ्यातून पाणी गळत होतं. कुणीतरी त्या एका हातासाठी वेळ दिला होता. संपादकांना लिहिलेलं पाच पानी पत्र मात्र आज सकाळीच टपालपेटीत पडलं होतं, आणि त्यातली सबंध दोन पानं याच चौकटीवर होती.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. बाईंनी अंक कव्हरात घालून त्याच्या हातात दिला.

"पुढचा कधी येतो?"

"पहिल्या शनिवारी," तपासनीस म्हणाला. "आणू का?"

"आणा," बाई म्हणाल्या आणि नोंदवही पुढ्यात ओढली. "पण मी वाचेपर्यंत तुमचं मत सांगू नका."